ॲव्हरेजवाला माणूस

कोथरूड आणि पाषाणच्या मधल्या टेकडीचं नाव वेताळ टेकडी. पण सकाळी फिरायला जाणारी निम्मी मंडळी तिला एआरएआय टेकडीच म्हणतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था तिथे आहे. गाडीच्या माहितीपत्रकात लिटरला अमुक इतके किलोमीटर असा जो आकडा छापलेला असतो, त्याला सगळा देश एआरएआयचा आकडा म्हणतो, मग ती गाडी तपासली कुठेही गेलेली असो. हा आकडा काढायची पद्धत मोठी सोवळ्यातली आहे. गाडी बंद खोलीत रोलरवर उभी करतात. चाकं जागच्या जागी फिरतात, वेग ठरल्या वेळापत्रकानुसार कमीजास्त होतो, ताशी ९० च्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो. समोर रिक्षा नाही, खड्डा नाही, उलट्या दिशेने येऊन वर आपल्याकडेच रागाने बघणारा स्कूटरवाला नाही. अशा वातावरणात गाडीने लिटरला २७.९७ किलोमीटर दिले, तर त्यात नवल ते काय!

नवल आहे ते माझ्या नवऱ्याचं. त्याला हाच आकडा कर्वे रस्त्यावर, संध्याकाळी सात वाजता, माझ्यासकट काढायचा आहे.

निवृत्त झाल्यावर त्याने हायब्रिड गाडी घेतली. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जोडीला विजेची मोटर आणि मागे एक छोटीशी बॅटरी. टोयोटाची प्रियस ही हायब्रिड गाडी जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात विक्रीला आली. ते तंत्रज्ञान आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरायला पाव शतक उलटून गेलं. त्यात आश्चर्य नाही, कारण नवरा कुठलीही वस्तू घेण्याआधी दहा जणांना विचारतो. या दहा जणांना त्याने एकच प्रश्न विचारला. रंग, सुरक्षितता, मागच्या सीटवर गुडघे मावतात का, यातलं काही नाही. "ॲव्हरेज किती देते?" एवढंच. पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हापासून हा प्रश्न विचारताना त्याचा आवाज थोडा खाली येतो, नातेवाइकाच्या आजारपणाची चौकशी करताना येतो तसा.

या गाडीची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रवास संपवून गाडी बंद केली, की ती चालवणाऱ्याला शंभरपैकी गुण देते. तेही विषयवार: निघालात कसे, मधे चालवलीत कशी आणि थांबलात कसे. मी आयुष्यभर अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं आणि हजारो पेपर तपासले, पण घरातल्या माणसाला गुण द्यायची सोय नव्हती. आता ते काम परस्पर होतं. नवरा किल्लीचं बटण दाबतो, श्वास रोखतो, पडद्यावर ७४ येतात, आणि तो म्हणतो, "थांबण्यात गेले. तो टेम्पो मधे आला ना." निकालानंतरची ही कारणं मला चांगली ओळखीची आहेत.

सुरुवातीला त्याचा सगळा जीव एका हिरव्या दिव्यात होता. गाडी नुसत्या विजेवर चालत असली की हा दिवा लागतो. तो विझू नये म्हणून हा माणूस ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचा, की पाय ठेवलाय हे ॲक्सिलरेटरलाही कळू नये. सिग्नल सुटला, की आमची गाडी निघायची नाही, सरकायची. मागे पीएमपीची बस, तिच्या मागे आणखी एक, आणि दोघींचे भोंगे. नवरा मात्र प्रसन्न. "बघ, एक थेंब जळत नाहीये."

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. या गाडीला प्लग नाही. घरच्या बोर्डातून वीज घेण्याची सोय नाही. बॅटरीत जी काही वीज आहे ती फिरून फिरून पेट्रोलमधूनच आलेली. हिरवा दिवा टिकवण्यासाठी बॅटरी खरवडून काढली, की पुढच्या चौकात इंजिनाला गाडीही ओढावी लागते आणि बॅटरीही भरावी लागते. शिवाय पेट्रोलची वीज, विजेची पुन्हा गती, या प्रत्येक अदलाबदलीत थोडं थोडं गळतंच. त्यापेक्षा निघताना बेताचा जोर द्यावा, इंजिनाला त्याच्या सोयीच्या भारावर काम करू द्यावं, हवा तो वेग पटकन गाठावा आणि मग पाय हलका करावा. तिथे मोटर सुखाने पुढचं बघते.

हायब्रिडचं इंजिनही मुद्दाम वेगळ्या घडणीचं असतं. जेम्स ॲटकिन्सन नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८८० च्या दशकात अशी युक्ती काढली, की इंजिनात प्रसरणाचा टप्पा संपीडनाच्या टप्प्यापेक्षा लांब ठेवायचा, म्हणजे जळलेल्या वायूकडून शेवटपर्यंत काम काढून घेता येतं. यात इंधन वाचतं, पण ताकद कमी पडते. त्यामुळे नुसत्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांना ही कल्पना फारशी मानवली नाही. मग शंभरेक वर्षांनी शेजारी विजेची मोटर आली आणि कमी पडणारी ताकद तिने भरून काढली. ॲटकिन्सनसाहेबांना हे पाहायला मिळालं नाही. मी हे सगळं नवऱ्याला जेवताना सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे किती देईल मग?"

पुढे त्याने स्वतःच वाचायला घेतलं आणि अमेरिकेतले हायपरमायलर, म्हणजे थेंबाथेंबातून किलोमीटर पिळून काढणारे लोक, त्याच्या हाती लागले. २००५ साली पिट्सबर्गजवळ काही जणांनी आळीपाळीने एक प्रियस चालवून एका टाकीत २,२०० हून जास्त किलोमीटर काढले. लिटरला सेहेचाळीसच्या आसपास. ही बातमी आमच्याकडे वीस वर्षांनी पोहोचली, पण तिचा आनंद ताज्या बातमीसारखा साजरा झाला. त्यांची मुख्य युक्ती अशी, की वेग थोडा वाढवायचा, मग पाय सोडून गाडी तरंगू द्यायची, वेग उतरला की पुन्हा थोडा वाढवायचा. यात एक बारकावा आहे. पाय पूर्ण उचलला तर मोटर लगेच जनित्र होऊन बॅटरी भरायला लागते आणि गाडी मंदावते. म्हणून पाय उचलायचा आणि पुन्हा केसभर टेकवायचा. इतकाच, की पडद्यावर इंजिन, मोटर, बॅटरी आणि चाकं यांच्यामधले सगळे बाण नाहीसे व्हावेत. कोणी कोणाला काही देत नाही, कोणी कोणाकडून काही घेत नाही, आणि गाडी चाललेली असते. सोलापूर रस्त्यावर पहाटे रस्ता मोकळा असताना नवऱ्याला हे पहिल्यांदा साधलं. त्याने मला झोपेतून उठवून तो बाण नसलेला पडदा दाखवला. विजयस्तंभ दाखवावा तसा!

त्या लोकांच्या सगळ्याच युक्त्या घेण्यासारख्या नाहीत. मोठ्या ट्रकच्या पाठीला चिकटून, त्याने फोडलेल्या वाऱ्याच्या आडोशाने जायचं, ही त्यातली एक. आपल्याकडे पुढे असतो उसाचा ट्रॅक्टर. त्याला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि वाऱ्याबरोबर ऊसही येतो. टायरमध्ये दाबून हवा भरायची, ही दुसरी. गाडीच्या दाराच्या चौकटीवर हवेचा आकडा चिकटवलेला असतो. सकाळी टायर थंड असताना तेवढी भरली की पुरते. कमी हवेवर गाडी ओढत नेणारे आपल्याकडे इतके आहेत, की जास्त हवेच्या भानगडीत पडायची वेळच येऊ नये. पंपावरचा पोरगा "काका, पस्तीस ठेवू?" असं विचारतो, तेव्हा नवरा खाली उतरून दार उघडून चौकटीवरचा आकडा वाचून दाखवतो. मागे रांग लागते.

ब्रेकची गोष्ट मात्र मला खरंच भावते. हायब्रिडमध्ये ब्रेकवर पाय हलका ठेवला, तर सुरुवातीचं काम मोटर करते. चाकांची गती विजेच्या रूपाने परत घेते. पाय जोरात दाबला, की पॅड डिस्कला आवळतात आणि तीच गती उष्णता होऊन हवेत जाते. वेग दुप्पट झाला की ही गतिज ऊर्जा चौपट होते, म्हणून ६० वरून करकचून थांबणाऱ्याचं नुकसान ३० वाल्याच्या चौपट. हे सूत्र मी फळ्यावर असंख्य वेळा लिहिलं असेल, पण त्याची किंमत रुपयांत दिसते ती या गाडीत बसल्यावर. आणि लवकर, हळू लावलेल्या ब्रेकनेही सगळं परत मिळत नाहीच. सगळ्यात चांगला ब्रेक म्हणजे जो लावायची वेळच आली नाही तो.

माझे वडील हे कुठल्याही पडद्याशिवाय जाणत होते. ते एसटीत ड्रायव्हर होते, महाड आगारात. वरंधा घाट चढून भोरमार्गे पुण्याला येणारी गाडी त्यांच्याकडे असायची. एसटीत डिझेलचा हिशोब दहा लिटरला किती किलोमीटर असा ठेवतात, केपीटीएल म्हणतात त्याला. आगारात कोणाचा केपीटीएल किती याची चर्चा चालायची, आणि इंधन बचतीच्या कार्यक्रमात चांगल्या आकड्याच्या चालकाला व्यासपीठावर बोलावून गुलाबाचं फूल द्यायचे. पुढच्या वळणावर थांबा आहे आणि तिथे माणसं उभी आहेत, हे दिसण्याच्याही आधी वडिलांचा पाय वर आलेला असायचा. लाल डबा आपल्या वजनाने पुढे जात जात मंदावायचा आणि पाटीशी येऊन टेकायचा. शेवटी ब्रेकचा नुसता उसासा. नवरा ज्याला हायपरमायलिंग म्हणतो ते हेच, फक्त त्यात गुलाबाचं फूल होतं.

आता हे पुण्यात करून दाखवा. पुढच्या सिग्नलला लाल आकडे उलटे मोजत असतात, २८, २७, २६. नवरा दोनशे मीटर आधी पाय उचलतो, असा हिशोब करून, की आपण पोहोचेपर्यंत हिरवा व्हावा आणि थांबावंच लागू नये. हिशोब बरोबर असतो. पण त्यासाठी पुढे मोकळी जागा ठेवावी लागते, आणि मोकळी जागा पुण्यात कोणी ठेवू देत नाही. आधी रिक्षा शिरते. रिक्षापुढे दोन दुचाक्या. त्यांच्यापुढे एक माणूस चालत येतो, मधोमध थांबतो आणि फोनवर बोलतो. मागचा मोटारवाला खिडकी खाली करून नवऱ्याला काही सुचवतो. पूर्वी असं कोणी मधे घुसलं, की नवऱ्याच्या तोंडून सदाशिव पेठेत शिकलेले शब्द यायचे. आता तो पडद्याकडे बघतो आणि त्या रिक्षावाल्याला जाऊ देतो, कारण त्याच्याशी स्पर्धा करायला गेलं तर पाव किलोमीटर ॲव्हरेज जातं. कीर्तनाने जे झालं नाही ते बाणांनी केलं.

एसीवरून आमच्यात तह झाला आहे. या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असलं तरी गारवा येत राहतो. पण बॅटरी उतरली, की उभ्या गाडीत इंजिन आपोआप सुरू होतं. मे महिन्यात नवऱ्याला ते आवाजाने कळतं आणि त्याचा हात एसीच्या बटणाकडे जातो. तिथे माझा हात आधीच असतो. २५ वर मिटलं. खिडक्या उघड्या टाकायची त्याची सूचना गावातल्या वेगाला ठीक आहे. हायवेवर उघड्या खिडक्या वाऱ्याला अडवतात, म्हणून तिथे एसीच.

वाऱ्याचाच हिशोब करून आम्ही एक्स्प्रेसवेवर ८० ने जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ८० चे १०० केले तर वेग सव्वापट होतो आणि विरोध दीडपटीहून जास्त. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या त्या रस्त्यावर या दोन वेगांत फरक पडतो तो चौदा मिनिटांचा. ही चौदा मिनिटं वाचवलेली माणसं नंतर आम्हाला वाकडच्या कोंडीत भेटतात.

मुलाने बंगळूरहून एकदा आकडेमोड करून पाठवली. नुसती पेट्रोल गाडी १४ देते, ही २१ देते असं धरलं, तर हजार किलोमीटरला चोवीसेक लिटर वाचतात. हायब्रिडसाठी वर मोजलेले दोन-अडीच लाख वसूल व्हायला साधारण एक लाख किलोमीटर गाडी चालवायला हवी. बाबा महिन्याला किती चालवतात? नवऱ्याने तो संदेश वाचला आणि त्याला अंगठा दाखवला, म्हणजे फोनवरचा. हल्ली तर तो आणखी कमी चालवतो. थंड इंजिन सुरुवातीची काही मिनिटं जास्त पेट्रोल पितं आणि जवळच्या फेऱ्यांनी ॲव्हरेज बिघडतं, हे कळल्यापासून बँक, औषधं आणि भाजी अशी कामं तो एका फेरीत गोळा करतो, आणि नुसती भाजी असेल तर पिशवी घेऊन चालत जातो. अडीच लाख कधी वसूल होणार हे मी विचारत नाही. हौसेला मोल नसतं.

मधे पनवेलला साखरपुड्याला जायचं होतं. पुढे नवऱ्याशेजारी भाऊजी, मागे जाऊबाई आणि मी. भाऊजींनी उमेदीची सगळी वर्षं फियाट चालवली आणि घाट उतरताना तिला न्यूट्रलवर सोडलं. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलवर आलेल्या ट्रकांनी कसे अपघात केलेत ते ठाऊक असूनही त्यांचं मत बदललेलं नाही. ट्रकवाल्यांना जमत नाही, एवढंच ते म्हणतात.

नवऱ्याने कामशेतपासून वेगळंच आरंभलं होतं. घाटाच्या उतारावर बॅटरी फुकट भरून मिळणार, म्हणून तिच्यात आधी जागा हवी. पंगतीला जायचं म्हणून सकाळपासून चहावर राहणाऱ्या पाहुण्यासारखी त्याने ती बॅटरी लोणावळ्यापर्यंत उपाशी आणली.

खंडाळा मागे पडलं तसे भाऊजी सरसावले. "अरे, न्यूट्रल टाक की आता. उतार आहे."

"दादा, न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्जच होत नाही."

"पेट्रोल तर वाचतं?"

"आत्ताही जळत नाहीये दादा. हे बघ बाण."

भाऊजींनी बाण बघितले नाहीत. बॅटरीची एकेक पट्टी भरत चालली होती आणि नवऱ्याचा चेहरा त्या प्रमाणात उजळत होता. पण खंडाळ्याहून खोपोलीच्या पातळीपर्यंत साडेपाचशे मीटर उतरायचं असतं. चार माणसं बसलेल्या गाडीत त्या उंचीची स्थितिज ऊर्जा अडीच युनिटांच्या घरात जाते. आमच्या बॅटरीची एकूण क्षमता एका युनिटाहूनही कमी, आणि तीही गाडी कधी तळापासून काठोकाठ वापरू देत नाही. वारा आणि टायर आपला वाटा घेतात तो वजा केला, तरी अर्ध्या घाटातच बॅटरी भरते. तशी ती भरली. आता ही ऊर्जा घालवायची कुठे? गाडी अशा वेळी मोटर लावून इंजिन नुसतं फिरवते. पेट्रोल न देता, हवा दाबायला लावून. आवाज मात्र असा येतो, की कोणी पहिल्या गिअरमध्ये पर्वती चढतंय.

"बघ!" भाऊजी म्हणाले. "म्हटलं नव्हतं? जळतंय की नाही पेट्रोल?"

मी मागून सगळं समजावलं, अडीच युनिटांसकट. भाऊजींनी मान डोलावली आणि जाऊबाईंना म्हणाले, "आपली फियाट आवाज करायची नाही." नवऱ्याने गिअर 'बी'वर घेतला. लांब उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून ती सोय आहे. आवाज आणखी वाढला. पडद्यावर क्षणाचं ॲव्हरेज शेवटच्या टोकाला टेकलं होतं, पण ते बघायला भाऊजींनी चष्मा लावला नव्हता.

साखरपुडा छान झाला. जेवण उत्तम होतं.

परतताना तोच घाट चढायचा होता. खोपोलीपासून इंजिन जे लागलं ते लागलंच, बॅटरीतली वीज पहिल्या दोन वळणांत संपली आणि आकडा घसरत घसरत १२ वर आला. नवरा बोलेनासा झाला. भाऊजींनी या वेळी चष्मा लावला होता.

"किती?"

"बारा."

"एवढं तर आमची फियाटपण द्यायची." आणि ते समाधानाने झोपले.

घाट असा एकेरी मोजायचा नसतो. चढ आणि उतार मिळून जे येईल ते खरं. हे मी सांगणार होते. पण खंडाळ्याचा चढ संपला, भाऊजी घोरायला लागले, आणि नवऱ्याने आरशातून मागे एकदा बघितलं. मी डोळे मिटून घेतले. त्याने स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं आणि ट्रिप मीटर शून्यावर आणला. लोणावळ्याहून पुणे साठ मीटर खाली आहे, रविवार रात्रीचा रस्ता बऱ्यापैकी वाहता होता, आणि तो ८० ने, एकदाही जोराचा ब्रेक न लावता, सगळ्यांना पुढे जाऊ देत घरी आला.

रात्री तो मुलाला फोनवर सांगत होता, "पनवेलला जाऊन आलो. चार माणसं, एसी चालू, घाटसुद्धा लागला. पंचवीस पॉइंट आठ."